कोरा कागद म्हणजे उत्तर नाही

इकडे सरक वं नोनी, जरा जवळ ये. तिकडे पुण्यातच बसून राहा पाहिजे तर, पण मनानं इकडे ये, अन् तो मोबाईल उलटा करून ठेव. मागच्या आठवड्यापासून मी तुले विचारून राहिली, ताप उतरला का म्हणून. माझ्या प्रश्नाखाली दोन निळ्या रेघा उमटल्या, म्हणजे तू वाचलं. पुढं काहीच नाही. आता मी काय समजू? ताप उतरला म्हणून बोलत नाही, का चढला म्हणून बोलत नाही, का मावशीचं रोजचंच आहे म्हणून बोलत नाही? रागावली नाही मी. पण असं कोरं ठेवलेलं ज्या माणसाले अजिबात चालत नव्हतं, त्या माणसाची मले आठवण आली. त्या माणसाशी तुझं काय नातं लागते हे तुले अर्धंच माहीत आहे. म्हणून हे पत्र लिहायले बसली.

तेव्हा छत्तीसगड वेगळं झालं नव्हतं, आपली भिलाई अजून मध्य प्रदेशात होती. सेक्टर सहामधल्या क्वार्टरात राहायचो, तुझे काका पोलादाच्या प्लांटात होते, अन् मी मॅट्रिक झालेली, टायपिंग येणारी, घरात बसून कंटाळलेली बाई होती. पावर हाउस म्हणतात त्या बाजारात एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांचं कंप्युटर सेंटर निघालं. जिना इतका अरुंद की मशीन वर न्यायची होती तेव्हा कठडा काढावा लागला होता. तिथं टाइप करणारी बाई पाहिजे असं कळलं अन् मी गेली. ज्यांनी ते सेंटर काढलं होतं ते साहेब. नाव नाही सांगत. त्यांना कोणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. बाजारातले लोक त्यांना पाठीमागे ‘क्या हुआ साहब’ म्हणायचे. जो समोर येईल त्याले ते आधी ‘क्या हुआ’ विचारायचे म्हणून.

हाडकुळे, उंच, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात भाजलेले चणे. बोलताना एक चणा तोंडात टाकायचे अन् तो संपेपर्यंत तुमच्या उत्तराची वाट पाहायचे. मी पहिल्या दिवशी जिना चढून वर गेली तर नमस्कार नाही, बसा नाही. म्हणाले, “काय घेऊन आलात?” मले वाटलं काही आणायचं होतं की काय. मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाले, “काही नाही असं नसतं बाई. माणूस कुठून तरी निघतो अन् कुठं तरी पोचतो, तर काही तरी घेऊनच पोचतो. बरं किंवा वाईट. ते सांगायचं.” मी म्हटलं, मग बरं घेऊन आली आहे. एवढ्यावर त्यांनी मले कामाले ठेवलं.

आमच्याकडे मंगलू म्हणून एक माणूस होता, छत्तीसगढी, वयानं साहेबांपेक्षाही मोठा. बाहेरची सगळी कामं तो करायचा. एकदा त्याले प्रिंटरची रिबन आणायले पाठवलं. तासाभरानं तो रिकाम्या हातानं आला अन् म्हणाला, “नइ मिलिस साहेब.” मिळाली नाही. दुसरा कोणी असता तर बरं म्हणून गप्प बसला असता. साहेबांनी हात वर केला. तो हात वर गेला की खोलीत कोणी कोणाशी बोलायचं नाही, मंगलूले पाणीसुद्धा विचारायचं नाही. म्हणाले, “दुकानात रिबन नव्हती, का दुकान बंद होतं, का तू गेलाच नाही?” मंगलू पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत म्हणाला, दुकानच खुललं नव्हतं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “पाहा बाई. तिन्ही वेळी हात रिकामाच असतो. पण रिबन दुकानात नसेल तर आपल्याले रायपूर गाठायचं आहे, अन् दुकान बंद असेल तर फक्त संध्याकाळपर्यंत थांबायचं आहे.”

अन् तिसऱ्यात, मी विचारलं. गेलाच नसेल तर?

“तर त्याले चहा पाजायचा अन् पुन्हा पाठवायचं. पण आधी कळलं पाहिजे.”

मंगलू यावर खाली मान घालून हसला होता. मले आजही वाटते, त्या दिवशी तिसरंच खरं होतं.

आता तू म्हणशील, मावशी, ही तर एका खब्ती, चक्रम माणसाची गोष्ट झाली. थांब. त्यांचा हा खब्तीपणा आला मशीनमधून, का मशीन त्यांना आवडली ती या खब्तीपणापायी, ते मले कधी उमगलं नाही. आमच्याकडे जी मशीन होती तिच्यावर चित्रंबित्रं नव्हती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, अन् हुकूम टाइप करायचा. रोज तेच तेच हुकूम टाइप करण्यापेक्षा ते एका फाइलीत ओळीनं लिहून ठेवायचे अन् त्या फाइलीलेच चालायले सांगायचं. त्याले स्क्रिप्ट म्हणतात, तुले काय सांगू, तू दिवसभर तेच करतेस म्हणे. पण मले साहेबांनी समजावलं ते तुझ्या कॉलेजात कोणी समजावलं नसेल.

म्हणाले, स्क्रिप्ट म्हणजे मुकादम. मुकादम स्वतः घमेलं उचलत नाही. तो बाहेरच्या माणसाले बोलावतो, एकाले सांगतो तू शोध, दुसऱ्याले सांगतो तू ओळीनं लाव, तिसऱ्याले सांगतो तू छाप. हे तिघं वेगळे प्रोग्राम, मुकादमाच्या घरचे नाहीत. त्यांच्या पोटात काय चालते ते मुकादमाले दिसत नाही. म्हणून प्रत्येक जण परत येताना हातात एक आकडा घेऊन येतो. शून्य आणलं तर सगळं बरं झालं. जो शोधायले गेला त्यानं एक आणलं तर समज, पाहिलं पण सापडलं नाही. दोन आणलं तर समज, पाहताच आलं नाही. फाइल नव्हती, दार बंद होतं, काही तरी झालं.

मी म्हटलं, साहेब, शून्य म्हणजे बरं कसं? परीक्षेत शून्य मिळालं की घरी मार बसते.

म्हणाले, “बरं होण्याची एकच रीत असते बाई, म्हणून त्याले एकच आकडा पुरतो. बिघडण्याच्या रीती पुष्कळ. त्यांना बाकीचे सगळे आकडे ठेवले आहेत.”

मी हे वाक्य घरी येऊन तुझ्या काकांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, भट्टीवर पण असंच आहे. अन् पुन्हा जेवायले लागले.

अन् एक गंमत पाहा. तो आकडा मशीनले विचारायचा असला तर डॉलरची खूण अन् त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह असं टाइप करावं लागायचं. तुमच्याकडे अजून तसंच आहे म्हणे. पण लगेच विचारावं लागते. मध्ये दुसरं एखादं काम सांगितलं की पहिल्याचा आकडा गेला, त्या जागी दुसऱ्याचा बसला. म्हणून साहेब मंगलू आल्या आल्या हात वर करायचे. आधी आकडा, मग पाणी. त्यांच्या घरी पण हेच. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, बाजारातून आल्या की पिशवी खाली ठेवायच्या आधी उंबऱ्यातूनच ओरडायच्या, “शून्य!” म्हणजे भाजी मिळाली, सुट्टे पैसे मिळाले, कोणी भांडलं नाही. एकदा मी तिथं असताना त्या आल्या अन् म्हणाल्या, “दोन.” साहेब चणा चावायचे थांबले. वहिनी म्हणाल्या, “बाजारात गेलीच नाही. रस्त्यात तुमची बहीण भेटली.”

त्या वहिनींची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. त्या तुमसरच्या. साहेबांच्या घरून मध्यस्थ पाठवला होता मागणी घालायले. मध्यस्थ परत आला तो पाहुण्यांच्या घोळक्यात गप्पच बसून राहिला. साहेबांच्या आईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं अन् समजून घेतलं की मुलीकडच्यांनी नकार दिला. त्या काळी असं तोंडावर विचारायची रीत नव्हती, दोन्ही घरांची लाज राहावी म्हणून. आईनं दुसरीकडे पाहायले सुरुवात पण केली. साहेब तेव्हा पोरगेसेच, नोकरीले लागलेले. त्यांनी त्या मध्यस्थाले गाठलं अन् विचारलं, “मामाजी, ते नाही म्हणाले, का तुम्ही विचारलंच नाही?” मामाजी घसा खाकरायले लागले. त्यांच्या सायकलची चेन तुटली होती, ते अर्ध्या वाटेतून एका ओळखीच्याकडे जेवून परत आले होते, अन् तसं सांगायची शरम वाटली म्हणून गप्प बसले होते. पुढच्या रविवारी साहेब स्वतः गेले. वहिनी मले सांगायच्या, “आमच्याकडे मध्यस्थ येणार म्हणून सगळे वाट पाहून थकले होते, म्हणायचे यांच्याकडून कोणी आलंच नाही. तिकडे हे लोक म्हणायचे त्यांच्याकडून उत्तर नाही. मध्ये एक तुटकी चेन होती फक्त.”

मले वाटते तिथूनच त्यांना ते लागलं असावं. एका गप्प बसलेल्या माणसापायी त्यांचा संसार राहून जात होता. असा माणूस मग आयुष्यभर विचारत सुटणारच.

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्यानं पाठवलं त्यानं जागा सोडायची नाही. पाठवलेला परत आला अन् विचारायले कोणीच नाही, असं होऊ द्यायचं नाही. मशीनमध्येही तसं होते म्हणायचे. प्रोग्रामचं काम संपलेलं असते, पण ज्यानं त्याले पाठवलं तो विचारत नाही. मग तो बिचारा हातात आकडा धरून तसाच उभा राहतो, मेलेला नाही अन् जिवंतही नाही. तुम्ही लोक त्याले काय म्हणता ते मले माहीत आहे, साहेब भूत म्हणायचे. त्यांनी एकदा मले पडद्यावर असं भूत दाखवलं होतं. घाबरण्याऐवजी मले त्याची कीवच आली.

आता मुद्द्यावर येतो.

पावर हाउसच्या काही व्यापारी लोकांनी अन् सेक्टरांतल्या मंडळींनी मिळून रक्तदात्यांचं एक मंडळ काढलं होतं. कोणाचं रक्त कोणतं, कुठं राहते, बाजूले फोन आहे का, हे सगळं आमच्या मशीनमध्ये भरलं. भरलं म्हणजे मीच भरलं, टाइप करून. अन् साहेबांनी त्यासाठी स्क्रिप्ट लिहिली. रक्ताचा गट टाइप करा, शोधणारा शोधेल, लावणारा जवळचे आधी लांबचे मागून असं लावेल, छापणारा छापेल. कागद हातात. तेव्हा ही मोठी गोष्ट होती वं. त्याआधी लोक दवाखान्यातल्या पाटीवर दात्यांची नावं वाचून दारोदार हिंडायचे.

मंडळाचे अध्यक्ष कपड्याचे व्यापारी. ते एक दिवस चार लोकांना घेऊन पाहायले आले. नेमकं त्या दिवशी मशीन काही तरी बारीकसारीक तक्रार करून राहिली होती. काम होत होतं, पण मध्ये मध्ये पडद्यावर इंग्रजीत ओळी येत होत्या, हे उघडलं नाही, ते दिसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, “साहब, ये मशीन हमको गाली क्यों दे रही है?” बाकीचे हसले. साहेबांचं तोंड मी पाहिलं. दुसऱ्या कोणाले नसतं समजलं, पण मले समजलं की त्यांना लागलं. पोराले पाहुण्यांसमोर उभं करावं अन् त्यानं नाक पुसावं, तसं.

ते लोक गेल्यावर त्यांनी स्क्रिप्ट उघडली अन् तक्रारीच्या ओळी पडद्यावर येणार नाहीत अशी सोय केली. मशीनमध्ये त्यासाठी एक जागा असते, तिथं टाकलं की गेलं. तळ नसलेली विहीर. मले म्हणाले, अध्यक्षांसाठी केलं आहे, ते नेहमीचे यायचे थांबले की काढून टाकीन. पुढच्या वेळी अध्यक्ष आले तेव्हा पडदा स्वच्छ, कागद सुंदर. ते खूश होऊन गेले. नंतर ते काढायचं राहून गेलं.

अन् मग तो दिवस आला. तुझी आई, माझी मंदा, बाळंतपणाले माझ्याकडे आली होती. आमची आई तेव्हा नव्हती, म्हणून तिचं माहेर म्हणजे मीच. सकाळी तिले दवाखान्यात भरती केलं, सगळं ठीक आहे म्हणाले, अन् बापू म्हणजे तुझा बाप तुमसरहून निघाला असा निरोप आला. काका तिथं थांबले, अन् मी दोन तासांसाठी सेंटरवर आली, एक काम देऊन लगेच परत जाणार होती. दुपारी काका स्कूटरवर धावत आले. जिन्यावर त्यांचे पाय वाजले तेव्हाच मले समजलं. मंदाची अजून सुटका झाली नव्हती अन् रक्तस्राव थांबत नव्हता. तिचं रक्त ओ निगेटिव्ह. दवाखान्यात होतं तेवढं चढवलं होतं, आणखी पाहिजे होतं, अन् लवकर पाहिजे होतं.

साहेबांनीच स्क्रिप्ट चालवली. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी. पडद्यावर आलं, काम झालं. प्रिंटर कर्रर्र करून चालला अन् कागद वर आला. वर मोठ्या अक्षरात मंडळाचं नाव, खाली ओ निगेटिव्ह, त्याच्या खाली रेघ. अन् रेघेच्या खाली काही नाही. कोरा.

काकांनी तो कागद हातात घेतला, पाहिला, अन् म्हणाले, “नाही तर नाही. मी रायपूरले जाऊन पाहतो.” अन् वळले. रायपूरले जाणं, शोधणं, परत येणं, तोवर मंदाचं काय झालं असतं त्याचा मी आजही पूर्ण विचार करत नाही. माझ्या मनात एवढंच होतं की नाही, कोणाचंच नाही, एवढ्या मोठ्या भिलाईत.

साहेब त्या कागदाकडे पाहत होते. काका जिन्यापर्यंत पोचले तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, थांबा.” त्यांनी हात वर केला होता. आवाज नेहमीचा नव्हता. “याले मी विचारलंच नाही.”

मले समजलं नाही. ते माझ्याशी बोलल्यासारखे पण खरं तर स्वतःशीच बोलून राहिले होते. “मुकादमानं फक्त शेवटच्या माणसाले विचारलं. छापणाऱ्याले. त्यानं शून्य सांगितलं, अन् तो खरं बोलला. कोरा कागद त्यानं चांगलाच छापला. पण जो शोधायले गेला होता त्याले कोण विचारणार होतं? त्याची तक्रार मी विहिरीत टाकून दिली.”

मग त्यांनी शोधणाऱ्याले हातानं बोलावलं, मुकादमाशिवाय. एक अक्षर चुकलं, पुन्हा टाइप केलं. अन् पडद्यावर ती ओळ आली, तीच, अध्यक्षांनी जिले गाली म्हटलं होतं तशी. फाइल उघडता आली नाही. साहेबांनी डॉलर अन् प्रश्नचिन्ह टाइप केलं. दोन.

आदल्याच दिवशी साहेबांनीच मशीनमध्ये जागा करायले म्हणून दात्यांची फाइल दुसऱ्या कप्प्यात हलवली होती, अन् स्क्रिप्टले सांगायचं राहिलं होतं. शोधणारा बिचारा बंद दारावरून परत आला होता. रिकाम्या हातानं. ज्या माणसानं मंगलूले कधी एका शब्दावर सोडलं नाही, त्यानं आपल्याच माणसाले विचारलं नव्हतं.  

नव्या जागी शोधायले लावलं तर दोन नावं निघाली. पहिला सेक्टरातला, त्याच्या शेजारच्यांना फोन केला तर तो गावाले गेलेला. दुसरा उतई गावचा. तिथं फोन नव्हता. मंगलू बाहेर गेलेला. काकांना दवाखान्यात सह्या करायले कोणी तरी पाहिजे म्हणून जावं लागणार होतं. साहेबांनी काकांना तिकडे धाडलं, स्वतः स्कूटरची चावी उचलली अन् मले म्हणाले, “फोन इथं आहे. तुम्ही जागा सोडायची नाही.”

माणसं पाठवून स्वतः खुर्चीत बसून वाट पाहणारा तो माणूस पहिल्यांदा स्वतः निघाला, अन् पाठवणारीच्या जागी मी बसली.

वाट पाहणं काय असते ते मले त्या दुपारी समजलं. खाली सायकलवाला चाकं सरळ करून राहिला होता, त्याचा ठोक ठोक आवाज, बस अड्ड्यावर कंडक्टर दुर्ग दुर्ग ओरडून राहिले होते, अन् मी फोनपुढं. मधेच फोन वाजला. काका. “निघाला का तो माणूस?” माझ्या तोंडात आलं होतं, नाही. पण मी म्हटलं, साहेबांचा अजून निरोप नाही. काका चिडले, म्हणाले म्हणजे नाहीच ना. मी म्हटलं, “नाही असं नाही म्हटलं मी. अजून कळलं नाही असं म्हटलं.” तुझे काका पुढं वर्षानुवर्षं मले या वाक्यावरून चिडवायचे. पण त्या वेळी त्या दोन गोष्टींमध्ये जेवढं अंतर होतं, तेवढ्यावरच मी बसली होती.

मग पुन्हा फोन वाजला. साहेबांचा आवाज, धाप लागलेली. मी हॅलो नाही म्हटलं. मी विचारलं, “काय घेऊन आलात?”

“घेऊन आलो. रक्त घेऊन राहिले त्याचं.”

अन् मंदा?

“ते अजून विचारायचं आहे. फोन ठेवू नका.” अन् त्यांनी रिसीव्हर तिथंच टेबलावर आडवा ठेवला अन् गेले. दवाखान्याच्या त्या टेबलावरचा माणूस कुरकुरत असलेला मले ऐकू येत होता, “भाई साहब, लाइन बिज़ी हो रही है.” मग तोही गप्प झाला, कोणी तरी त्याले सांगितलं असेल. मी ऐकत राहिली. चपला घासत गेल्या. चाकाच्या खुर्चीचा किरकिर आवाज. कोणाचा तरी खोकला. एक नर्स मल्याळममध्ये कोणाशी तरी बोलली. त्या आवाजांत मी मंदाले शोधून राहिली होती. किती वेळ ते नाही सांगता येत. माझा कान दुखायले लागला म्हणून मी रिसीव्हर दुसऱ्या कानाले लावला, एवढं आठवते.

मग चपला जवळ आल्या. रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. मले चणा चावल्याचा आवाज आला, खरं सांगतो. मग म्हणाले, “दोघींचंही शून्य आहे, बाई.”

दोघींचं. मले त्यावरूनच समजलं की मुलगी आहे.

तो उतईचा माणूस धानाच्या कापणीतून उठून आला होता. साहेबांनी शेताच्या बांधावरून त्याले सांगितलं तर त्यानं हातातला विळा बायकोकडे दिला, म्हणाला “चलव,” म्हणजे चला, अन् स्कूटरच्या मागे बसला. मी दवाखान्यात पोचली तेव्हा तो बाकड्यावर बसून बिस्किटं खात होता, त्याच्या केसांत तूस अडकलेलं. मी हात जोडले तर त्याले कसंनुसं झालं. त्यानं एवढंच विचारलं, “बाबू के नोनी?” मुलगा का मुलगी. मी म्हटलं, नोनी. म्हणाला, “बने हे.” चांगलं आहे. तुले घरात सगळे नोनी म्हणतात ते तिथून आलं. बापूनं ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यात राहिलं.

बारशाले साहेब अन् वहिनी आले. वहिनींनी उंबऱ्यातूनच “शून्य” म्हटलं, सगळ्या बायका पाहायले लागल्या. साहेबांनी पाळण्यात वाकून तुझ्याकडे पाहिलं, मग सरळ उभे राहून भरल्या घरात सगळ्यांना सांगायले लागले की माझ्या चुकीनं ही अन् हिची आई दोघी जाणार होत्या, मी शोधणाऱ्याले विचारलं नाही, मी तक्रार विहिरीत टाकली. कोणाले काही समजेना. कोणती विहीर, कोण शोधणारा. तुझ्या आजोबांना वाटलं साहेबांनी थोडी घेतली आहे. शेवटी मंदाच म्हणाली, “साहेब, तुम्ही उतईले गेले ना? मग आता जेवा.” तेव्हा कुठं ते पाटावर बसले.

पण त्यांनी त्यानंतर सेंटरमधल्या एकेका स्क्रिप्टमधली ती विहीर बुजवली, अन् मुकादमाले प्रत्येकाच्या मागे विचारायले शिकवलं, नुसतं शेवटच्याले नाही. पडदा पुन्हा तक्रारींनी भरायले लागला. अध्यक्ष एकदा आले अन् म्हणाले, साहब, ये फिर गाली देने लगी. साहेब म्हणाले, “गाली नहीं है सेठजी. लौट के बता रही है.” अध्यक्षांना पटलं नाही. पण मशीन पुढं तशीच बोलत राहिली.

सेंटर पुढं बंद झालं, घरोघरी कंप्युटर आले. साहेब अन् वहिनी उतईच्या रस्त्यावर एका लहान घरात राहतात आता. ते फार थकले. ऐकू कमी येते, चणे चावत नाहीत म्हणून वहिनी कुटून देतात. काल मी गेली होती. दारात पाय ठेवला अन् त्यांनी विचारलं, काय घेऊन आलात. मी म्हटलं, बरं घेऊन आली. मग त्यांनी विचारलं, नोनी कशी आहे? मी त्यांना तापाचं सांगितलं, अन् म्हटलं की मग काही कळलं नाही.

नोनी, त्यांचा हात वर गेला. सावकाश गेला पण गेला. म्हणाले, “कळलं नाही, का विचारलं नाही?”

मी म्हटलं, विचारलं हो साहेब.

“मग ती काय घेऊन आली?”

वहिनी चहा घेऊन आल्या तर त्यांनी कप बाजूले ठेवायले लावला. हात तसाच वर. मी निघाली तेव्हा ते ओसरीवरच बसून होते. वहिनी मले फाटकापर्यंत सोडायले आल्या अन् म्हणाल्या, तिचं उत्तर आल्याशिवाय आता हे उठायचे नाहीत.

तुझ्या वतीनं मी शून्य सांगू शकत नाही ना वं. ते ज्याचं त्यानंच येऊन सांगावं लागते. ताप उतरला असला तर लवकर ये, अन् नसला उतरला तरी ये. तिवरा भाजी, लाखोळीचा कोवळा पाला, निघाली आहे बाजारात, ती करून ठेवतो. स्टेशनवरून आधी घरी नको येऊस, सरळ उतईच्या रस्त्यानं ये. मी तिथंच बसून राहीन, साहेबांच्या बाजूले.